हॉस्पिटलचा क्लेम नेमका कुठे अडतो?

सकाळी दहाच्या राउंडला डॉक्टर येतात, जखम बघतात आणि आज घरी जा म्हणतात. घरचे लगेच पिशव्या भरायला घेतात. मग बारा वाजतात, तीन वाजतात, आणि काउंटरवरून एकच उत्तर मिळत राहतं: ‘अजून अप्रूव्हल आलेलं नाही.’ म्हापसा असो, फोंडा असो की मडगाव, कॅशलेस विम्यावर, म्हणजे बिल कंपनी थेट हॉस्पिटलला देते अशा विम्यावर, उपचार घेतलेल्या अनेक घरांना हे ठाऊक आहे. विमा कंपनी उशीर करते असं हॉस्पिटल म्हणतं, कागद अपुरे होते असं कंपनी म्हणते, आणि दोघांच्या मध्ये टाके घातलेला माणूस खुर्चीवर ताटकळत बसतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये खासगी हॉस्पिटलांच्या एका देशव्यापी संघटनेने उत्तर भारतातल्या आपल्या सदस्यांना एका मोठ्या विमा कंपनीच्या ग्राहकांची कॅशलेस सेवा थांबवायला सांगितलं, तेव्हा हा पैशांचा तंटा सगळ्यांच्या नजरेस आला. ती मोठ्यांची लढाई होती. आपल्याकडे तालुक्याच्या गावात एखाद्या डॉक्टर जोडप्याने उभारलेली दहा-वीस खाटांची नर्सिंग होम असतात. त्यांच्यामागे संघटनेचं बळ नसतं आणि कंपन्यांशी भांडायला वेगळा विभागही नसतो. त्यांचे पैसे कुठे अडकतात आणि ते कसे सोडवता येतील, हे इथे सांगायचं आहे. मी काही काळ अशाच एका ठिकाणी बिलिंग सांभाळलं आहे आणि माझं मत ठाम आहे: अडणाऱ्या क्लेमपैकी पुष्कळसे रुग्ण दाखल होतो त्याच दिवशी अडलेले असतात. ते फक्त डिस्चार्जच्या दिवशी दिसतात.

## घेणारा एक, पैसे देणारा दुसरा

नेहमीच्या व्यवहारात माल घेणाराच पैसे देतो. विम्यात तसं नसतं. आपल्याकडे एखादा तारवटी वर्षातले आठ-नऊ महिने जहाजावर असतो. त्याच्या घरचं सामान कोपऱ्यावरच्या दुकानातून उधारीवर येतं आणि हिशेब तो दूर बसून चुकता करतो. दुकानदाराने वहीत तारखेनिशी तांदूळ, तेल, साबण लिहिलं असेल तर पैसे मुकाट येतात. नुसतंच ‘किरकोळ सामान, तीन हजार’ लिहिलं असेल तर जहाजावरून फोन येणारच. सामान खरोखर घरात गेलं, कुणी लबाडी केली नाही, हे सगळं खरं असलं तरी त्याच्यापुढे फक्त वही आहे.

विमा कंपनीपुढेही फक्त वही असते. कंपनीचा डॉक्टर रुग्णाला बघत नाही, तो कागद बघतो. बऱ्याचदा हे काम कंपनी स्वतः न करता टीपीएकडे सोपवते. टीपीए म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेमची कागदपत्रं तपासणारी मधली संस्था. तिचा स्वतःचा पैसा यात नसतो. क्लेम मंजूर करायचा की नाकारायचा, हा अंतिम निर्णय विमा कंपनीचाच असतो.

## तीन तासांचं घड्याळ कधी सुरू होतं?

कॅशलेसचा प्रवास असा. रुग्ण दाखल होताना हॉस्पिटल अंदाजे खर्च आणि आजाराची माहिती पाठवून आगाऊ मंजुरी मागतं. तिला सगळे ‘प्री-ऑथ’ म्हणतात. मुक्काम किंवा खर्च वाढला तर वाढीव मंजुरी मागावी लागते. घरी सोडताना अंतिम बिल आणि डिस्चार्ज समरी, म्हणजे आजार आणि उपचारांचा लेखी गोषवारा, जाते आणि शेवटची मंजुरी येते. प्रत्यक्ष पैसे हॉस्पिटलच्या खात्यात त्यानंतर जमा होतात, कधी काही दिवसांनी तर कधी महिन्यांनी.

विमा नियामक संस्थेने, म्हणजे आयआरडीएआयने, २९ मे २०२४ च्या परिपत्रकात याला मुदती घालून दिल्या. कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जची विनंती मिळाल्यापासून तीन तासांत अंतिम मंजुरी द्यायची. त्याहून उशीर झाला आणि हॉस्पिटलने त्यासाठी जादा आकार लावला, तर तो कंपनीने सोसायचा. तोही पॉलिसीधारकांच्या पैशांतून नव्हे, भागधारकांच्या निधीतून. नियम चांगलाच आहे.

पण ‘विनंती मिळाल्यापासून’ हे शब्द पुन्हा वाचा. डॉक्टरांनी दहा वाजता घरी जायला सांगितलं, समरी टाइप व्हायला साडेबारा झाले, न वापरलेल्या औषधांचा फार्मसीचा परतावा एकला आला, लॅबचं एक बिल राहून गेलं होतं ते दीडला सापडलं, फाईल दोनला गेली. कंपनीचे तीन तास दोनला सुरू होतात. त्याआधीचे चार तास हॉस्पिटलचे स्वतःचे असतात आणि ते कमी करायला कुणाची परवानगी लागत नाही.

हे चार तास वाचवण्याचा उपाय साधा आहे. उद्या कोण घरी जाणार याचा अंदाज डॉक्टरांना आदल्या संध्याकाळी असतो. त्याच संध्याकाळी समरीचा कच्चा मसुदा तयार करायचा, औषधांचा परतावा रात्रीच करायचा आणि बिलात रोजचा खर्च रोज चढवायचा. शेवटचं काम ज्यांना जमत नाही, त्यांचं बाकीचंही जमत नाही. तीन दिवसांची इंजेक्शनं चौथ्या दिवशी आठवून लिहायला बसलं की दोन सुटतात आणि एक दोनदा लागतं.

## ‘कामत’ आणि ‘कामोतीं’

गोव्याची म्हणून एक खास अडचण आहे. जुन्या पोर्तुगीज नोंदींमुळे एकाच घरातलं आडनाव वेगवेगळ्या कागदांवर वेगवेगळं असतं. जन्मदाखल्यात ‘कामोतीं’, आधारवर ‘कामत’. कुठे ‘पोरोबो’, कुठे ‘प्रभू’. ‘नाईक’ तर इंग्रजीत किमान दोन प्रकारे लिहिलं जातं. त्यात बायकांचं माहेरचं आणि सासरचं नाव, आणि कुठे वडिलांचं नाव मध्ये तर कुठे गायब. आपल्याला ही सगळी एकच व्यक्ती आहे हे दिसतं. हैदराबाद किंवा चेन्नईत बसून फाईल तपासणाऱ्याला दोन व्यक्ती दिसतात आणि तो क्वेरी काढतो. क्वेरी म्हणजे कंपनीने लेखी विचारलेला प्रश्न. उत्तर जाईपर्यंत फाईल थांबते.

दाखल करतानाच पॉलिसीचं कार्ड आणि आधार शेजारी ठेवून नाव, वय, जन्मतारीख जुळवायला पाच मिनिटं लागतात. फरक असेल तर तो प्री-ऑथ पाठवतानाच कळवावा आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं सहीनिशी निवेदन जोडावं. हेच काम डिस्चार्जच्या दिवशी निघालं तर मुलगा घरी जाऊन ट्रंक उघडेपर्यंत संध्याकाळ होते.

## एक ओळ, जिच्यावर सगळा क्लेम टांगलेला असतो

केस पेपरमध्ये रुग्णाचा पूर्वेतिहास लिहिलेला असतो. सगळ्या फाईलीत सर्वांत महागडी ओळ हीच. ती कशी लिहिली जाते ते बघा. रात्री अकराला काकांना छातीत दुखतं म्हणून आणलेलं असतं. घाईत असलेले डॉक्टर विचारतात, “काकी, काकांना डायबिटीस कधीपासून?” घाबरलेल्या काकी म्हणतात, “झाली असतील की दहाएक वर्षं.” केस पेपरवर जातं: मधुमेह, दहा वर्षं. पॉलिसी चार वर्षांची. कंपनी म्हणते की विमा घेताना आजार लपवला. क्लेम नामंजूर.

खरं तर काकांची साखर पहिल्यांदा वाढलेली दिसली ती तीन वर्षांपूर्वी, विमा घेतल्यानंतर. त्या वेळचा लॅब रिपोर्ट घरात असतो. काकी खोटं बोलल्या नव्हत्या, वर्षं मोजायची ती वेळच नव्हती. अशा वेळी मूळ ओळ खोडायची नाही, पांढरा रंग लावायचा नाही. डॉक्टरांनी जुना रिपोर्ट बघून, तारीख आणि सही घालून, वेगळी दुरुस्तीची नोंद करायची आणि रिपोर्टची प्रत जोडायची. आणि मुळात पूर्वेतिहास दोनदा विचारायचा. एकदा दाखल करताना, एकदा दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं सावरल्यावर.

या बाबतीत रुग्णांना माहीत असावेत असे दोन नियम आहेत. २०२४ पासून आधीच्या आजारासाठीचा प्रतीक्षाकाळ, म्हणजे त्या आजाराचे क्लेम मिळत नाहीत तो सुरुवातीचा काळ, जास्तीत जास्त ३६ महिने असू शकतो. आणि पॉलिसी सलग ६० महिने चालू असेल तर माहिती दडवली या कारणावरून कंपनीला क्लेम अडवता येत नाही. सिद्ध झालेली फसवणूक तेवढी अपवाद.

दुसरी महागडी गोष्ट म्हणजे ‘दाखल करायची गरज काय होती?’ हा प्रश्न. पावसाळ्यात डेंग्यू आणि लेप्टोचे रुग्ण येतात. केस पेपरवर फक्त ‘ताप, तपासणीसाठी दाखल’ असेल तर तो क्लेम अडलाच समजा, कारण केवळ तपासण्यांसाठी दाखल होणं पॉलिसीत बसत नाही. उलट्या थांबत नव्हत्या, तोंडाने पाणी राहत नव्हतं, रक्तदाब खाली होता, प्लेटलेट रोज उतरत होत्या, सलाईन अमुक वेगाने चालू होतं, हे सगळं डॉक्टरांना आणि नर्सला माहीत असतं. कागदाला माहीत नसतं. नर्सचा दर चार तासांचा तक्ता रिकामा असेल तर कंपनीच्या लेखी त्या रात्री काही घडलंच नाही.

गोव्यातल्या हॉस्पिटलांत पर्यटकांचे दुचाकी अपघातही येतात. पोलिसांना कळवल्याची नोंद, अपघाताची वेळ आणि रुग्ण नशेत होता की नाही याची स्पष्ट नोंद पहिल्याच तासात झाली पाहिजे. रुग्ण परराज्यात परतल्यावर हे कागद मिळवणं जवळपास अशक्य असतं.

## मंजूर झालं, तरी पैसे का कापले?

नामंजुरीची बातमी होते, कपातीची होत नाही. पण वर्षाच्या हिशेबात कपातच भारी पडते. तिचे चार प्रकार आहेत.

पहिला प्रकार ज्यांचे वेगळे पैसे मिळत नाहीत अशा गोष्टींचा. टेलिफोन, मदतनीस, रुग्णाबरोबरच्या माणसाचं जेवण यांचे पैसे विमा सहसा देत नाही. चप्पल, गाउन, फाईलचे पैसे खोलीच्या भाड्यात धरलेले असतात. कापूस, गॉझ, सर्जिकल ब्लेड ऑपरेशनच्या खर्चात. नोंदणी शुल्क उपचाराच्या खर्चात. आयआरडीएआयच्या याद्या यासाठी ठरलेल्या आहेत. त्या काउंटरवर चिकटवून ठेवल्या आणि दाखल होतानाच ‘एवढं तुम्हाला भरावं लागेल’ असं सांगितलं, तर शेवटच्या दिवशीची वादावादी टळते.

दुसरा प्रकार खोलीचा, आणि तो फार थोड्यांना कळतो. समजा तुमच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा रोज ४,००० रुपये आहे आणि तुम्ही ६,००० ची खोली घेतली. तीन दिवसांचे जास्तीचे ६,००० रुपये तुम्ही भराल आणि संपलं, असं वाटतं. तसं होत नाही. बऱ्याच पॉलिसींत खोलीशी जोडलेले इतर खर्चही त्याच प्रमाणात कापतात. सर्जन, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग मिळून ९०,००० झाले असतील तर कंपनी दोन तृतीयांश, म्हणजे ६०,००० देईल. खोली आणि हे मिळून ३६,००० तुमच्या खिशातून. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही, आणि खोलीनुसार दर बदलत नाहीत अशा हॉस्पिटलातही लावता येत नाही. त्यामुळे ‘आमच्याकडे सर्व खोल्यांना ऑपरेशनचा दर एकच’ हे हॉस्पिटलने आपल्या दरपत्रकात स्पष्ट छापलं पाहिजे. शिवाय आयसीयू सोडून रोज ५,००० च्या वरच्या खोलीवर जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी आहे, तोही लक्षात ठेवावा.

तिसरा प्रकार ठरलेल्या दरांचा. कंपनीशी करार करताना दरपत्रक सही केलेलं असतं. ते कपाटात राहतं आणि कॉम्प्युटरमध्ये नवे दर चढतात. मग प्रत्येक बिलातून फरक कापला जातो, आणि तो रुग्णाकडून मागणं करारात बसत नाही. प्रत्येक कंपनीचं दरपत्रक बिलिंगच्या टेबलावर असलं पाहिजे, आणि ते जुनं झालं असेल तर मुदत संपायच्या आधी लेखी पत्र देऊन वाढ मागितली पाहिजे.

चौथा प्रकार पुराव्याचा. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये डोळ्यात बसवलेल्या लेन्सच्या डबीवर एक छोटं स्टिकर असतं. त्यावर लेन्सचा क्रमांक आणि पॉवर. ते केस पेपरवर चिकटवायचं असतं. थिएटरमध्ये आवरताना ते डबीबरोबर कचऱ्यात जातं आणि लेन्सची सगळी किंमत कापली जाते. स्टिकर लगेच चिकटवणं हे थिएटरमधल्या एका नेमून दिलेल्या सिस्टरचं काम असलं की हा प्रकार थांबतो.

आणि एक रक्कम कपातीसारखी दिसते पण कपात नसते. ५०,००० मंजूर झाले आणि ४५,००० आले, तर बहुधा १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेला प्राप्तिकर, कापलेला असतो. तो प्राप्तिकराच्या खात्यात हॉस्पिटलच्या नावावर दिसायला हवा. दर तिमाहीला तो जुळवून पाहिला नाही तर स्वतःचेच पैसे सुटून जातात.

## सरकारी योजनेचं गणित वेगळं

गोव्यात २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. किमान पाच वर्षं गोव्यात राहणाऱ्या कुटुंबांसाठी ती आहे: तीन माणसांपर्यंत वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं कवच आहे, आणि ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न न बघता ७० वर्षं आणि त्यावरच्या सर्वांना ते खुलं झालं. इथे दर पॅकेजचे असतात, म्हणजे एका उपचाराला एक ठरलेली रक्कम. प्रत्येक इंजेक्शनचा हिशेब मागत नाहीत, पण उपचार योग्य पॅकेजखाली नोंदला गेला का आणि कार्ड चालू आहे का, हे आधी बघतात. कार्डाचं नूतनीकरण राहून गेलंय हे दाखल झाल्यावर कळणं, हा सर्वांत टाळता येण्याजोगा त्रास आहे.

## मग सुरुवात कुठून करायची?

एका वहीपासून. प्रत्येक क्वेरी, प्रत्येक कपात, प्रत्येक नामंजुरी तिच्यात लिहायची: तारीख, कंपनी, रक्कम, कारण, आणि चूक कुणाच्या टप्प्यावर झाली. तीन महिन्यांनी वही उघडली की दिसतं, चार-पाच कारणंच पुन्हा पुन्हा येतात. कुठे नर्सिंगचा तक्ता, कुठे एका विशिष्ट सर्जनच्या ऑपरेशन नोट्स, कुठे नाव. त्या चार-पाचांवर काम करायचं, बाकीची सोडून द्यायची.

दुसरं, उधारीचं वय मोजायचं. धरून चाला की महिन्याला २० लाखांची बिलं विम्यावर जातात आणि पैसे यायला सरासरी ७५ दिवस लागतात. म्हणजे कोणत्याही दिवशी ५० लाख बाहेर अडकलेले. तेच ४५ दिवसांवर आणलं तर अडकलेले ३० लाख. एकही रुग्ण न वाढवता, एक रुपयाही दर न वाढवता, २० लाख हातात आले. त्यातून नर्सचा पगार वेळेवर होतो. पैसा अडकला की पहिला फटका पगारालाच बसतो, हे मी जवळून पाहिलं आहे आणि मला ते सलतं.

यासाठी ठरलेल्या दिवशी पाठपुरावा करणारा एक माणूस लागतो. सगळ्यांनी मिळून करायचं काम कुणीच करत नाही. क्वेरीला वेळेत उत्तर गेलं नाही तर कंपनी फाईल बंद करते, आणि बंद फाईल उघडायला नव्या फाईलीपेक्षा जास्त कष्ट पडतात.

## “हे सगळं बिल फुगवण्यासाठीच ना?”

ही शंका रास्त आहे, कारण फुगवलेली बिलंही लोकांनी पाहिली आहेत. पण इथे सांगितलेलं काम नेमकं उलट दिशेचं आहे. न दिलेलं औषध लिहिणं ही फसवणूक आहे, त्यात करार तुटतो आणि रुग्णाच्या विम्याची रक्कमही उगाच संपते. दिलेलं औषध, त्याच वेळी, वेळ घालून लिहिणं हे बिलिंग. रोजच्या रोज लिहिलेल्या आणि रुग्णाला रोज दाखवलेल्या बिलात फुगवायला जागाच उरत नाही.

## “डॉक्टरांनी रुग्ण बघायचा की कागद?”

रुग्णच बघायचा. पण पुढच्या पाळीचा डॉक्टर, बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात रेफर केलं तर तिथला डॉक्टर, तेच कागद वाचून उपचार करतो. कंपनीला जी नोंद हवी असते, तीच त्यालाही हवी असते. ज्या केस पेपरवरून क्लेम मंजूर होत नाही, त्यावरून पुढचे उपचारही नीट होत नाहीत.

## “सॉफ्टवेअर घेतलं की झालं”

होत नाही. देशभरातले क्लेम एकाच साच्यात, एकाच मार्गाने जावेत म्हणून नॅशनल हेल्थ क्लेम्स एक्स्चेंज नावाची डिजिटल व्यवस्था उभी राहते आहे आणि लहान हॉस्पिटलांनी तिच्यासाठी तयार व्हावंच. पण रिकामा तक्ता तिच्यातूनही रिकामाच जाईल, फक्त लवकर जाईल.

## “कंपनीला पैसे द्यायचेच नसतात, मग काय उपयोग?”

काही वेळा खरोखर अन्याय होतो. तेव्हा नीट कागद हेच एक हत्यार असतं. नियमाप्रमाणे कंपनीच्या आढावा समितीच्या मंजुरीशिवाय क्लेम नाकारता येत नाही, आणि नाकारताना पॉलिसीतलं नेमकं कलम लिहून द्यावं लागतं. ते पत्र मागून घ्या. तोंडी उत्तरावर परत येऊ नका.

रुग्णाच्या घरच्यांनी आपल्या बाजूने एवढं करावं. ठरवून ऑपरेशन असेल तर ४८ तास आधी कंपनीला कळवावं आणि तातडीचं असेल तर दाखल झाल्यापासून ४८ तासांत. जानेवारी २०२४ पासूनच्या व्यवस्थेत कंपनीच्या यादीत नसलेल्या हॉस्पिटलातही एवढ्या मुदतीत कळवल्यास कॅशलेस मागता येतं. पॉलिसी, आधार आणि जुने रिपोर्ट एका पिशवीत ठेवावेत. खोलीभाड्याची मर्यादा खोली घेण्याआधी वाचावी.

क्लेम नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी जा, आयआरडीएआयच्या बिमा भरोसा पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. गोव्याचं काम पुण्याच्या कार्यालयाकडे आहे. तक्रार कंपनीच्या उत्तरापासून वर्षाच्या आत करायची. शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतचा निवाडा ते देऊ शकतात. तिथेही तुमच्या हातात असेल तो हॉस्पिटलचा केस पेपरच, म्हणून डिस्चार्ज घेताना त्याची पूर्ण प्रत मागून घ्या.